नडगीचं हाड, एमआरआय आणि पुन्हा पळणं: माझा अनुभव

पळणाऱ्याची नडगी दुखली की सगळे ‘शिन स्प्लिंट्स’ म्हणून मोकळे होतात. पण बोटाने दाबून पाहिलं की बराच उलगडा होतो. शिन स्प्लिंट्समध्ये आतल्या कडेने पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टी दुखते आणि अंग गरम झालं की बहुधा बरं वाटतं. हाडालाच इजा झाली असेल तर बोटाखाली झाकेल एवढीच जागा ठणकते, पळताना कळ वाढत जाते आणि पुढे तर रात्री पडल्यावरही जात नाही. माझं दुखणं हे दुसरं होतं.

एक्स-रे स्वच्छ आला. त्यावर विसंबू नका, पहिले दोन-तीन आठवडे त्यात बहुतेकदा काही दिसतच नाही. एमआरआयमध्ये हाडाच्या मज्जेत सूज होती, पण टी-१ या प्रकारच्या एमआरआय चित्रात बदल नव्हता आणि तड्याची रेघही नव्हती, म्हणजे इजेच्या तीव्रतेच्या चार श्रेणींपैकी दुसरी. जागाही त्यातल्या त्यात बरी, नडगीची आतली-मागची कड. नडगीची पुढची कड, पावलातलं नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड किंवा मांडीच्या हाडाची मान असेल तर प्रकरण वेगळं. तिथे तडा वाढण्याची भीती असते. जांघेत दुखत असेल तर लंगडी घालून तपासू नका, वजन न टाकता थेट ऑर्थोकडे जा.

खरी कसोटी दुखणं थांबल्यावर लागते. शरीर खराब झालेलं हाड आधी पोखरून काढतं आणि मग भरतं. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. कळ गेलेली असते तेव्हा ते हाड अजून कच्चंच असतं.

म्हणून क्रम पाळला. आधी रोजच्या चालण्यात कळ नको, दाबल्यावर दुखायला नको, अर्धा तास भरभर चालता यायला हवं. मग एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, तेही दिवसाआड आणि सपाटीवर. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर, उतार सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी जागा दुखली तर एक पायरी मागे. मिनिटातली पावलं पाच ते दहा टक्के वाढवली. पाऊल आखूड पडलं की हाडावरचा भार घटतो. गुडघा वाकवून टाचा उचलण्याचा व्यायामही सोडू नये, पोटरीतला खोल सोलियस स्नायू त्यानेच तयार होतो.

व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आणि पोटभर जेवा. वजन उतरवायच्या नादात कमी खाणाऱ्यांची हाडं पुन्हा पुन्हा दुखावतात. बायकांची पाळी लांबत किंवा थांबत असेल तर तीही डॉक्टरांना आवर्जून सांगायची गोष्ट आहे.

हाड मजबूत करायला उड्या मारायची परवानगी मिळाली की सगळ्या एका दमात मारू नका. थोड्याशा धक्क्यांनंतर हाडातल्या पेशी प्रतिसाद देणं कमी करतात आणि काही तासांनी पुन्हा जाग्या होतात. सकाळी थोड्या, संध्याकाळी थोड्या.