घटिकापात्राबद्दल भास्कराचार्य खरं काय म्हणाले

लीलावतीच्या लग्नात घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात मात्र ती नाही. अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये 'लीलावती'चं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. भास्कराचार्यांनी या पात्राबद्दल स्वतः जे लिहिलंय, ते मला त्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

पात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती घंगाळातल्या पाण्यावर तरंगत ठेवायची. पाणी भोकातून आत चढतं आणि वाटी बुडते, की एक घटका म्हणजे २४ मिनिटं झाली. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र.

जुन्या ग्रंथांत या वाटीची मापं ठरलेली होती: दहा पळं (इथे पळ हे वजनाचं माप) तांबं, सहा अंगुळं उंची, भोक ठरावीक वजनाच्या सोन्याच्या तारेएवढं. भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'त (११५०) हे सगळं बिनबुडाचं आणि जमायला अवघड ठरवलं. वाटी हवी तशी घ्या, अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा. ती वाटी एकदा बुडायला किती वेळ घेते, ते हाती येतं.

हे व्यवहारालाही धरून आहे. पाव लिटरच्या आसपासच्या वाटीला भोक जेमतेम एक मिलिमीटरचं लागतं, आणि त्यात केसभर फरक पडला तरी मिनिटं बदलतात. म्हणून भोक आधी लहानच पाडावं. मोठं करता येतं, लहान करणं कठीण. वाटी जड असेल तर लवकर बुडते. थंडीत पाणी दाट होतं, तेव्हा वेळ लागतो. गाळ किंवा क्षार भोकात अडकला तर घटका लांबते, म्हणूनच 'सूर्यसिद्धांत' हा जुना ज्योतिषग्रंथ 'अमल' म्हणजे निर्मळ पाणी घ्यायला सांगतो. शिवाय दर वेळी वाटी उपसून पुन्हा ठेवताना दहा सेकंद गेले, तरी दिवसाला दहा मिनिटांची चूक साठते.

घटका भरली की घड्याळजी पितळी थाळीवर टोले देत. बाबराने आत्मचरित्रात त्यातली एक अडचण नोंदवली आहे: रात्री जाग आलेल्या माणसाला तीन टोले ऐकू आले, तरी ते कोणत्या प्रहरातले ते कळत नसे. त्याने हुकूम काढला, की घटकांचे टोले झाल्यावर जरा थांबून प्रहराचेही टोले द्यावेत. मग पहिल्या प्रहराच्या तिसऱ्या घटकेला तीन टोले, आणि थांबून आणखी एक.