वेंगुर्ल्याच्या दमट हवेत कॉम्प्युटरचे पंखे बदलले: माझा अनुभव

मी वेंगुर्ल्यात घरच्याच एका खोलीत भजनं आणि दशावतारी पदं रेकॉर्ड करतो. माईक आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असल्याने कॅबिनेटच्या पंख्यांची घरघर थेट गाण्यात उतरायची.

कॅबिनेटसोबत आलेले पंखे सात पात्यांचे होते आणि मे महिन्यात मिनिटाला दोन हजार फेरे घ्यायचे. म्हणजे सेकंदाला साधारण ३३. प्रत्येक पातं दर फेरीला हवेला एक फटका देतं, म्हणून त्याला सातने गुणलं की २३३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २३३ कंपनं, येतात. सॉफ्टवेअरच्या आलेखात बरोब्बर तिथेच एक टोक वर आलेलं दिसायचं. बायकांच्या आवाजाचा मूळ पट्टा साधारण १६५ ते २५५ हर्ट्झचा. म्हणजे घरघर नेमकी गळ्याच्या मधोमध! ती नंतर सॉफ्टवेअरने पुसायला गेलं की आवाजातला भरदारपणाही निघून जातो. बुवांनी जीव ओतून म्हटलेला अभंग पातळ झालेला मला ऐकवत नाही. म्हणून पंखेच बदलायचे ठरवले.

कुडाळच्या दुकानदारकाकांनी एका वाक्यात निकाल दिला: "आवाज नको आसात तर मोठो पंखो घी आणि हळू फिरव."

हिशेब केला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. पंख्याचा वेग अर्धा केला की हवाही साधारण अर्धीच येते, पण आवाज तब्बल १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा जोडला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १५०० फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी ७५० फेऱ्यांचे दोन लावले तर कागदावर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. शिवाय १२० मिलिमीटरऐवजी १४०चा पंखा घेतला की क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. फक्त कॅबिनेटला तशी भोकं हवीत. १२०च्या पंख्याला दोन भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर लागतं, १४०च्या पंख्याला १२४.५. माझ्या कॅबिनेटला पुढे दोन्ही होती. पट्टी लावून मोजूनच ऑर्डर दिली.

खोक्यावरच्या सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा येते त्या, आकड्यावर मात्र जाऊ नये. तो आकडा पंख्यासमोर काहीही नसतानाचा असतो. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ, त्यात दमट हवा; बारीक जाळीशिवाय कॅबिनेट ठेवताच येत नाही. जाळीतून हवा ओढायला लागतो तो दाब, म्हणजे स्टॅटिक प्रेशर. तो मिलिमीटर पाण्यात मोजतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अगरबत्ती पेटवून जाळीपाशी धरा. मित्राकडून आणलेला, भरपूर सीएफएमचा पण कमी दाबाचा पंखा लावला तेव्हा धूर जाळीला टेकून बाजूने पसरत होता. चांगल्या दाबाचा पंखा लावल्यावर तोच धूर सरळ रेघ धरून आत गेला. ही साधी चाचणी मला सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. स्वस्त पंख्यांत साधं स्लीव्ह बेअरिंग असतं. उष्णतेने त्यातलं तेल हळूहळू सुकतं आणि मग खरखर सुरू होते. बॉल बेअरिंग टिकतं, पण हळू वेगातही त्याची बारीक किरकिर माईक पकडतो. मला फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग हवं होतं; त्यात दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो, म्हणून ते शांतही असतं आणि टिकतंही.

शेवटी दोन नावं उरली. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएफ-ए१२×२५: २००० फेऱ्यांना ६०.१ सीएफएम, २.३४ मिलिमीटर दाब, २२.६ डेसिबल. फारच सुरेख वस्तू! आणि आर्क्टिकचा पी१४: १७०० फेऱ्यांना ७२.८ सीएफएम, २.४ मिलिमीटर दाब. मी पंखे ८००च्या आसपासच फिरवणार होतो आणि तीन घ्यायचे होते. एका नॉक्टुआच्या पैशांत आर्क्टिकचे दोन तरी येतात. म्हणून पुढे दोन पी१४ आणि मागे एक पी१२ घेतला. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त राहिली की धूळ फटींतून न शिरता जाळीवरच अडकते.

तिन्ही चार पिनांचे, म्हणजे पीडब्ल्यूएमचे घेतले; त्यांना मदरबोर्ड चौथ्या पिनेतून वेग कळवतो. वेग थेट बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून, ठरवता येतो. मात्र इंटरनेटवरचे तयार फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग याचे आलेख, इथे जसेच्या तसे चालत नाहीत. ते बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत बसून केलेले असतात, आणि आमच्या कौलारू खोलीत मेमध्ये दुपारी ३४ अंश असतात. पंखा कॅबिनेटला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून मी प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान एवढंच बघितलं आणि त्यावर वेगाच्या पायऱ्या बसवल्या. वेग वाढण्याआधी काही सेकंद थांबायची सोयही चालू केली, नाहीतर प्रत्येक क्लिकला पंखा सुसाटतो. सुमारे ११०० फेऱ्यांना कॅबिनेटचा पत्राच थरथरायचा. तिथे रबरी वॉशर घातले आणि कर्व्हमध्ये तो टप्पा पटकन ओलांडून टाकला.

पावसाळ्यात जाळी दर पंधरवड्याला धुतो आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावत नाही. ओल्या जाळीवर लाल धूळ लेपासारखी बसते.

आता पाच पात्यांचे पंखे ८०० फेऱ्यांना फिरतात, म्हणजे टोक येतं ६७ हर्ट्झला. गायकाच्या माईकवर ८० हर्ट्झखालचं सगळं तसंही कापतोच, त्यामुळे गळा स्वच्छ मिळतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा घुमार मात्र तिथेच खाली असतो, तो कापून कसं चालेल? त्यासाठी बायोसमध्ये वेगळं प्रोफाइल ठेवलंय: ५०० फेरे. नुसतं रेकॉर्डिंग करताना प्रोसेसरवर भार फारसा नसतो, तेवढी हवा पुरते. मिक्सिंगला बसलो की परत नेहमीचं प्रोफाइल.