पाय साताऱ्याच्या घड्याळावर

माझी आई रात्री पोटऱ्यांना जुन्या लुगड्याचा काठ आवळून बांधायची. सगळे झोपले की थोड्या वेळाने माजघरात तिच्या पावलांचा आवाज यायचा. खिडकीपासून देवघरापर्यंत आणि पुन्हा खिडकीपर्यंत. मध्येच गार शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहून ती टाचा घासायची. विचारलं तर म्हणायची, "पाय शिवशिवतात गं, तू झोप." यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या घरात त्याला कुणी आजार म्हटलं नाही, आणि तिनेही कधी म्हटलं नाही.

चाळिशी ओलांडली आणि तेच माझ्या पायांत आलं. हे दुखणं नाही, मुंग्या नाहीत, गोळाही नाही. पोटरीच्या आत, अगदी हाडाला लागून, काहीतरी सरपटत राहतं. पाय हलवला की तेवढ्यापुरतं थांबतं, स्वस्थ बसलं की पुन्हा सुरू. दिवसभर काही नाही, दिवेलागणीनंतर मात्र सुटका नाही. आता विमानाचा विचार करा. तिथे तासन् तास स्वस्थच बसायचं असतं, पट्टा बांधून, आणि परदेशी जाणारी बरीच विमानं सुटतात रात्री.

चार वर्षांपूर्वी लेकीकडे लंडनला पहिल्यांदा गेले ते असंच रात्रीच्या विमानाने. तीन सीटांमधली मधली जागा. सर्दी होती म्हणून निघताना सर्दीची गोळी घेतली, झोपही लागेल असं वाटलं. तासाभरात दोन्ही पाय पेटले. मी पाय वर घेतले, खाली सोडले, पोटऱ्या चोळल्या. शेजारचा मुलगा तीनदा उठून मला वाट देत होता, चौथ्यांदा म्हणाला, "काकू, प्लीज, सीट हलतेय." त्याची काही चूक नव्हती. मग मी मागे शौचालयाजवळ जाऊन उभी राहिले ती जवळजवळ चार तास. विमान हलायला लागलं की मला बसायला सांगायचे, आणि बसलं की रडू यायचं. काय होतंय हे सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता.

परत आल्यावर आधी ज्यांना दाखवलं ते म्हणाले, वय झालं, मनावर घेऊ नका. पुढे वर्षभराने पुण्याच्या एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी माझं बोलणं पाच मिनिटं न थांबवता ऐकलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं?" मी आईच्या फेऱ्यांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, आणि बऱ्याच घरांत तो पिढ्यान् पिढ्या चालत येतो. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्ये अशा रोग्यांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४० च्या दशकात त्यावर नीट अभ्यास करून आजचं नाव दिलं. दोघांची नावं जोडून विलिस-एकबोम डिसीज असंही म्हणतात. तीनशे वर्षं पुस्तकात असलेलं दुखणं माझ्या आईला कुणी सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांनी रक्तातलं फेरिटिन तपासायला लावलं. हिमोग्लोबिन माझं बारावर, म्हणजे ठीक. फेरिटिन मात्र १८. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. मेंदूत डोपामिन या रसायनाचं काम सुरळीत चालायला लोह लागतं, म्हणून रक्त भरलेलं असलं तरी साठा रिकामा असेल तर हे पाय बोलतात. एरवी चालून जाणारा आकडा या आजारात चालत नाही, ७५ च्या आत असेल तर लोह देतात. मला एक दिवसाआड लोहाची गोळी मिळाली, रिकाम्या पोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर. गोळीच्या आगेमागे चहा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. सकाळचा पहिला चहा दोन तास पुढे ढकलणं जड गेलं, पण तीन महिन्यांनी रात्री तीनचं जागरण पुष्कळ कमी झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती सर्दीची गोळी. झोप आणणाऱ्या सर्दी-खाजेच्या गोळ्या आणि काही उलटीच्या गोळ्या हे पाय भडकवतात. प्रवासाला निघताना नेमक्या याच गोळ्या आपण पर्समध्ये टाकतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी एवढं तरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती.

यंदा मे महिन्यात पुन्हा निघायचं ठरलं, लेकीच्या बाळंतपणासाठी. तिकीट काढतानाच भाच्याला बजावलं, विमान दिवसाचं हवं, जागा कडेची, वाटेला लागून, आणि शक्यतो मागची. मागे उभं राहायला जरा मोकळं असतं. सीटचे वेगळे पैसे पडले, ते दिले. डॉक्टरांकडून इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी घेतली.

आदल्या संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने निम्म्यापर्यंत चढून आले. फार दमणंही या पायांना सोसत नाही, म्हणून वरपर्यंत गेले नाही. खाली दिवे लागत होते. मग कंदी पेढ्यांचे दोन डबे बॅगेत भरले.

पहाटे चारला निघालो. सकाळी माझे पाय शहाणे असतात, म्हणून गाडीचा प्रवास पहाटेचा. खंबाटकीचा बोगदा अंधारात पार केला, शिरवळच्या पुढे उजाडलं. दर तासा-दीड तासाने मी गाडी थांबवायला लावत होते. पुण्याच्या अलीकडे भाचा म्हणाला, "मामी, परत?" मी म्हटलं, "थांब रे बाबा, दहा मिनिटं." तो काही बोलला नाही, माझ्याबरोबर उतरून ढाब्याच्या अंगणात चकरा मारू लागला. मुंबईचं टर्मिनल दोन एवढं लांबलचक आहे की लोक वैतागतात. मला ते बरं वाटलं. गेट लागेपर्यंत मी बसलेच नाही.

दुपारी दीडचं विमान. चढल्याबरोबर केबिन क्रूमधल्या मुलीला बाजूला घेऊन चिठ्ठी दाखवली. म्हटलं, मला अधूनमधून मागे उभं राहावं लागेल, आजार आहे, घाबरू नका. ती म्हणाली, "आमच्या आजीलाही होतं असं." एवढ्या एका वाक्याने माझे खांदे सैल झाले. शेजारच्या बाईंनाही आधीच सांगून टाकलं. चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

घड्याळ मी मुद्दाम भारताचं ठेवलं होतं. विमान पश्चिमेला जातं, सूर्य खिडकीत तसाच लटकून राहतो, आणि लोकांना वाटतं अजून दुपारच आहे. पायांना ते पटत नाही. बाहेर लख्ख ऊन होतं आणि माझ्या मनगटावर सात वाजून दहा मिनिटं झाली, तशी डाव्या पोटरीत पहिली सरपट आली. साताऱ्याला त्या वेळी मी देवापाशी दिवा लावते. डॉक्टरांनी दिलेली प्रिगॅबालिनची कॅप्सूल त्रास सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी घ्यायची असते, म्हणून ती मी साडेपाचलाच घेतली होती, साताऱ्याच्या साडेपाचला. डोस इथे लिहीत नाही. तिने गरगरतं, आणि ज्याचा त्याचा डोस वेगळा असतो. विमानात मिळणारी वाइन आणि कॉफी दोन्ही नको म्हटली, दोन्हींनी पाय बिघडतात.

तरी साडेआठच्या सुमाराला खरी परीक्षा झाली. विमान हलायला लागलं, पट्ट्याचा दिवा लागला आणि उठायची सोय राहिली नाही. पायांत गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे होते. ते खरं तर लांब प्रवासात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, पण आईच्या लुगड्याच्या काठासारखा त्यांचा आवळ बरा वाटतो. टाचा जमिनीवर जोरात रोवायच्या, दहा मोजायचे, सोडायच्या. मग घोटे गोल फिरवायचे. तळहाताने पोटरी खालून वर चोळायची, खसखसून, कातडी गरम होईपर्यंत. आणि शब्दकोडी. महिनाभर रविवारच्या पुरवणीतली कापून ठेवली होती. रिकामं मन पायांकडेच जातं. सिनेमाने माझं भागत नाही, तो नुसता बघायचा असतो. कोड्यात डोकं घालावं लागतं. 'आडवे चौदा, नदीचा उतार, तीन अक्षरी' यावर मी वीस मिनिटं काढली, पाय हलत होते पण मी त्यांच्यात नव्हते. दिवा विझला तशी मागे जाऊन उभी राहिले. त्या मुलीने न मागता थंड पाण्याची बाटली दिली, ती मी पोटऱ्यांवर फिरवली.

उतरले तेव्हा माझ्या घड्याळात साडेअकरा, लंडनला संध्याकाळचे सात आणि अजून ऊन. पाय थकले होते, पण मी रडले नव्हते.

पुढचे चार दिवस तिथल्या दुपारी तीनलाच त्रास सुरू व्हायचा, कारण साताऱ्याला साडेसात वाजलेले असायचे. मग रोज थोडा थोडा पुढे सरकत गेला. दुपारी लेकीबरोबर बाजारात जायचं ठरवलं, म्हणजे त्या वेळी चालणं होईल.

तिसऱ्या रात्री पावलांच्या आवाजाने जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. लेक सात महिन्यांचं पोट सांभाळत ओट्याला टेकून उभी, अनवाणी, गार फरशीवर टाचा घासत. मला वाटलं, मी माजघराच्या उंबऱ्यातच उभी आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. गरोदरपणात होतं म्हणे, नंतर जातं. तू काळजी करशील म्हणून बोलले नाही."

गरोदरपणात होतं हे खरं, आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर जातंही. पण तिला आजी आहे, आणि मी आहे. मी म्हटलं, "उद्या तुझ्या दाईला विचार, फेरिटिन तपासलंय का. हिमोग्लोबिन नव्हे, फेरिटिन. कागदावर लिहून देते."

ती हसली आणि किटलीकडे वळली. "चहा ठेवू तुला?"

"चहा नको या वेळी, दोघींनाही नको," मी म्हटलं. "चल, चार फेऱ्या मारू."