विंटर पार्क: बसून केलेलं स्कीइंग

धाकटा भाऊ डेन्व्हरला असतो, म्हणून फेब्रुवारीत कोलोरॅडोतलं विंटर पार्क हे स्कीचं ठिकाण गाठलं. १९७० साली हॅल ओलिअरी यांनी इथे पाय गमावलेल्या मुलांना स्की शिकवायला घेतलं आणि त्यातूनच अपंगांसाठीचं मोठं क्रीडाकेंद्र उभं राहिलं. माझा कणा दहाव्या मणक्यापाशी दुखावलेला. कमरेखाली काही जाणवत नाही.

नोंदणी आधीच करा. वजन, उंची, इजा कुठवर, सगळं खरं सांगा. वजन कमी सांगण्याचा मोह मलाही झाला होता, पण स्कीवर बसवलेल्या सीटखालची धक्के झेलणारी स्प्रिंग त्यावरच बेततात. पहिल्या दिवशी पाऊण तास नुसतं बसवण्यात गेला. मनात म्हटलं, पैसे बर्फात! उतारावर गेल्यावर कळलं. सीटमध्ये कंबर जरा सैल राहिली, तर आपण वळतो आणि स्की सरळच जाते. पट्टे काष्ट्यासारखे करकचून हवेत. आपली जाड गादी आणू नका, तिने उंची वाढते आणि तोल जातो.

नवख्यांना बहुधा बाय-स्की देतात: सीटखाली दोन स्की, मागे दोरी धरून प्रशिक्षक. मोनो-स्कीला एकच, ती मला तिसऱ्या दिवशी मिळाली आणि मी दहा मिनिटांत सात वेळा आडवी झाले. हातात आउटरिगर असतात, म्हणजे कुबडीच्या टोकाला छोटी स्की. घरी खांदे कमावून या, सगळा भार तिथेच येतो.

आता कुणी सांगत नाही ते. भावाने प्रेमाने माझ्या बुटात गरम पुडी सरकवली होती; प्रशिक्षिकेने आधी तीच बाहेर काढली. जाणीव नाही तिथे भाजलेलं कळत नाही, गारठलेलंही नाही. तासातासाला आत जाऊन पाय बघा. लघवीच्या पिशवीची नळी कपड्यांच्या आत ठेवा, नाहीतर गोठते. रात्री आरशात त्वचा तपासा.

पायथाच ९,००० फुटांवर, म्हणजे दोन महाबळेश्वरं एकावर एक. पहिला दिवस नुसता पाणी पीत काढा. डेन्व्हरहून हिवाळ्यात थेट पायथ्याशी रेल्वेही येते. घाटात बर्फात अडकण्यापेक्षा ती बरी.

उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांच्या लिफ्टची भीती मात्र उगाच. खटका ओढला की सीट वर उचलली जाते, पाळणा तिच्याखाली सरकतो. पहिल्यांदा डोळे मिटले होते, दुसऱ्यांदा भावाला हात केला.