कटॉबा नदीकाठची मडकी

अमेरिकेतल्या शार्लट शहराहून निघालं की पाऊण तासात रॉक हिल येतं. साउथ कॅरोलायनातल्या या गावाजवळ, नदीच्या काठावर, कटॉबा या मूळ रहिवासी जमातीची वस्ती आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल आपण बहुतेक वेळा भूतकाळातच बोलतो. इथे ती सवय मोडते.

त्यांच्या सांस्कृतिक केंद्रात एक बाई मडकं घडवत होत्या. चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, बोटांनी सांधे मिटवायचे आणि भांडं सुकत आलं की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटत बसायचं. असे गोटे घराण्यात आजीकडून नातीकडे येतात. वरून रंग नाही, झिलई नाही. उघड्या जाळात भाजताना जे काळे-तांबूस डाग पडतील तीच नक्षी.

ही कला आजवर टिकली कशी, याचा मोठा दुवा उत्खननातून मिळाला. १७५९ मध्ये देवीची साथ आली आणि निम्म्याहून जास्त माणसं गेली. उरलेले लोक गावं सोडून काही काळ आजच्या कॅम्डनजवळ राहिले, मग वर नदीकाठी परतले. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी साथीच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही गावं खणली. आधीची खापरं जाडीभरडी. नंतरची पातळ, घोटलेली आणि थेट इंग्रजी घाटाची: पेले, थाळ्या, पसरट वाडगे. आसपासच्या गोऱ्या वसाहतवाल्यांना विकता यावीत म्हणून बायकांनी घाटच बदलला होता. घरोघरी माणसं गेलेली असताना त्यांनी हे केलं, आणि त्यावर पुढच्या पिढ्या जगल्या. मला तरी कटॉबांच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

कारण जमीन टिकली नाही. १७६३ च्या तहाने मिळालेली १,४४,००० एकर जमीन १८४० च्या तहात गेली. १९५९ च्या कायद्याने जमात म्हणून असलेली अमेरिकन सरकारची मान्यताही काढून घेतली. ती परत मिळायला १९९३ उजाडलं. त्याआधीच, १९८९ मध्ये, त्यांनी स्वतःचा संस्कृती-जतन प्रकल्प सुरू केला होता. आज मुलांना तिथे मातीकाम आणि भाषा शिकवतात. सरकारी पैशातून रस्ता किंवा पूल होणार असेल आणि जागा पूर्वजांची असेल, तर जमातीच्या वारसा कार्यालयाचं म्हणणं ऐकावं लागतं.

या भागात असाल तर नोव्हेंबरातल्या 'याप ये इस्वा' उत्सवाला जरूर जा आणि मडकं घ्यायचं तर घडवणाऱ्या बाईकडूनच घ्या.