काळी माती, कोरडे पेस्टल : रब्बीपासून उन्हाळ्यापर्यंतची नोंद

या वेळची नोंद जवळजवळ सगळी एकाच गोष्टीवर आहे : काळ्या रानाचा रंग. सॉफ्ट पेस्टल हातात घेतले तेच मुळात अंबाजोगाईच्या आजूबाजूची रानं रंगवायची म्हणून. बालाघाटचे उतार, ज्वारीचे पट्टे, मध्येच उघडी पडलेली नांगरट. आकाश आणि डोंगर लवकर हाताला लागले. मातीने मात वेळ घेतला, आणि पेस्टल हे माध्यम नेमकं कसं चालतं हे मला तिनेच समजावलं.

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी थोडं सामानाबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांना पेस्टल म्हणजे शाळेतले ऑइल पेस्टल आठवतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या दिवसांतले. त्यात मेण आणि न वाळणारं तेल असतं. सॉफ्ट पेस्टल अगदी वेगळं : रंगद्रव्य, खडूसारखी पांढरी भर आणि कांडी धरून ठेवण्यापुरता किंचित डिंक. एवढंच. कांडी जितकी मऊ तितका डिंक कमी आणि रंग मोकळा. मी खालच्या थरांना कॅमलच्या कांड्या वापरते, वरच्या थरांना मुंग्योच्या. आधी कडक, मग मऊ, हा क्रम उलटला तर वरचा थर नुसता घसरतो. कागद कॅन्सनचा मी-तैंत, 160 जीएसएम. त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, दुसरी बाजू त्यामानाने गुळगुळीत. रानासाठी मला गुळगुळीत बाजू बरी वाटते, जाळीवर ढेकळं आणि जाळी यांची गल्लत होते. हे कागद इथं मिळत नाहीत, मागवावे लागतात, म्हणून सराव हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिश पेपरवर. चारशे नंबरचा वॉटरप्रूफ घ्या. कांडी भराभर झिजते, पण थरावर थर बसतात. जपून ठेवायच्या चित्राला मात्र तो नको.

आता माती. माघात ज्वारीची काढणी झाली आणि चुलत्यांच्या रानात नांगर फिरला, तेव्हापासून मी सकाळी बांधावर जाऊन बसायला लागले. तात्या दोन-तीनदा मागे उभं राहून बघून गेले. एकदा म्हणाले, ‘‘काळी कुठं दिसायली गं तुला? ओल हाय तवर काळी. वाळली की राखुंडी. आन् दुपारी तर पांढरी दिसती, डोळं दिपत्यात.’’ सगळा जन्म या मातीत काढलेला माणूस बोलतो तेव्हा ऐकावं. मी काळी कांडी डब्यात ठेवली आणि एकच ढेकूळ समोर धरून बसले.

नांगराने उलथलेलं ढेकूळ सकाळी आठच्या उन्हात नीट बघा. माथ्यावर कोरडी साय आलेली असते, ती उबदार करडी, किंचित गुलाबीकडे झुकलेली. नांगराच्या फाळाने जिथं कापलं ती बाजू गुळगुळीत आणि थोडी चकाकणारी, तिच्यात आकाशाचा निळा उतरतो. तळाशी, जिथं ढेकूळ जमिनीला टेकतं, तिथं सावली जांभळट तपकिरी, आणि शेजारच्या उजळ मातीचा उजेड तिच्यात परत आलेला असतो, त्यामुळे तीही पूर्ण काळी नसते. खरा काळा फक्त भेगेत सापडतो, दोन बोटांची जागा.

हे कागदावर असं आणते : कागद गडद विटकरी. त्यावर कडक जांभळ्या कांडीने तासांच्या, म्हणजे नांगराच्या रेघांच्या सावल्या, कांडी आडवी धरून, अगदी हलक्या हाताने. मग गडद तपकिरी, पण सलग नाही, मधून विटकरी दिसत राहिला पाहिजे. ती विटकरी ऊब वर कितीही करडे थर आले तरी आतून बोलते. करड्या कागदावर हेच थर दिले तर रान मरगळलेलं दिसतं, मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिलेत. त्यावर निळसर करडा फक्त कापलेल्या बाजूंना. शेवटी माथ्यावरची कोरडी साय, सगळ्यात मऊ कांडीने, एकदाच दाबून. दाबल्यावर पुन्हा हात लावायचा नाही. बोटाने घोळायचं तर मुळीच नाही. घोळल्याने कागदाचं ग्रेन, म्हणजे त्याचा खरखरीतपणा, भरून जातं, पुढचा थर बसायला जागा उरत नाही आणि रंगातला ताजेपणा जातो. आकाशात बोट चालतं, मातीत चालत नाही, हे माझं ठाम मत.

तात्यांचं ‘‘ओल हाय तवर काळी’’ हे वाक्य मला फिक्सेटिव्हच्या, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणाऱ्या राळेच्या फवाऱ्याच्या वेळी पुन्हा भेटलं. पेस्टल उजळ दिसतं कारण रंगाचे कण कोरडे, सुटे पडलेले असतात आणि त्यांच्यामध्ये हवा असते. प्रकाश त्या कणांवरून चहूकडे विखुरतो. फिक्सेटिव्ह मारलं की मधल्या पोकळ्या राळेने भरतात, विखुरणं कमी होतं, प्रकाश आत शिरून अडकतो आणि रंग गडद होतो. वाळलेल्या मातीवर पाणी पडलं की ती काळी पडते, त्याचंही कारण हेच. म्हणजे कागदावरची भुकटी आणि रानातली माती दोन्ही एकाच नियमाने वागतात.

हे कळल्यावर फिक्सेटिव्हकडे बघण्याची माझी रीतच बदलली. फिक्सेटिव्हने चित्र काळवंडतं म्हणून बरेच जण ते टाळतात. शेवटच्या थरावर मीही टाळते. पण मातीच्या खालच्या थरांवर मला तो काळवंडलेपणा हवाच असतो. जांभळा-तपकिरी झाला की दोन हलके फवारे, पूर्ण वाळू द्यायचं, मग वर कोरडे उजळ करडे. खाली ओल, वर कोरडी साय, रानात जसं असतं तसंच. फ्रेंच चित्रकार देगा थरांच्या मधे फिक्सेटिव्ह वापरत असे हे वाचलेलं होतं, त्याचा उपयोग कसा ते इथं बांधावर उमगलं. फवारा मात्र घराबाहेर, वारा पडलेला असताना, आणि कागदापासून हातभर लांबून. जवळून मारला की थेंब उमटतात.

मग साहजिकच वाटलं, त्याच मातीची कांडी का करू नये? रंग घरच्या रानातच आहे. रीत सोपी आहे, वेळ जातो. माती पाण्यात कालवून ठेवायची, वाळू-खडे तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते निवळू द्यायचं, नितळ पाणी काढून टाकायचं आणि उरलेला गाळ वाळवून वस्त्रगाळ करायचा. मूळ पाककृतींत ट्रॅगाकँथ डिंक असतो, मी साधा बाभळीचा अगदी पातळ करून घेतला. निव्वळ मातीची कांडी वाळताना तडकते. बेसॉल्ट झिजून झालेली ही चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते, उन्हाळ्यात रानाला हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. तीन भाग खडूपूड आणि एक भाग माती घेतली की कांडी शाबूत राहते, पण रंग फिका करडा येतो. त्यात थोडं काजळ आणि चिमूटभर गेरू मळला की जमतं. चिकणमाती स्वतःच धरून ठेवते, म्हणून डिंकाचं पाणी नावापुरतं. जास्त झालं की कांडी कागदावर ओरखडे काढते. सावलीतच वाळवा. माझ्या सध्याच्या चित्रांत माथ्यावरची कोरडी साय याच कांडीची आहे, आणि विकतच्या कुठल्याही करड्यापेक्षा ती रानाशी जास्त जुळते.

गेरूवरून अजिंठा आठवला. या हिवाळ्यात मुद्दाम रंगांसाठी जाऊन आले. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सगळे बघतात, पण मी सतराव्या लेण्यात जास्त रेंगाळले. तिथले रंग मोजके : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा किंवा केओलिन या पांढऱ्या मातीचा पांढरा, काजळाचा काळा. निळा तेवढा लांबून आणलेल्या लॅपिस लाझुली या निळ्या दगडाचा. आणि या सगळ्याच्या खाली काय, तर खडकावर लावलेला मातीचा गिलावा, तूस-गवत घालून मळलेला, त्यावर पातळ पांढरा थर. म्हणजे पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांनी याच दगडाच्या मुलखात, मुख्यतः मातीच्याच रंगांवर एवढं जग उभं केलं. परत आल्यावर मी डब्यातून सातच कांड्या बाहेर ठेवल्या. कांड्या कमी असल्या की टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, नीट बघावा लागतो, आणि टोन बरोबर असला की रंग थोडा इकडेतिकडे झालेला चालतो. हुरड्याच्या दिवसांतली ज्वारीसुद्धा मी पिवळी माती आणि निळसर करडा यांच्या थरांतून काढली, सेटमधला पोपटी हिरवा तसाच राहिला.

‘खडूचं चित्र किती दिवस टिकणार?’ हे घरीदारी ऐकावं लागतं. अठराव्या शतकातला स्विस चित्रकार जाँ-एतिएन लिओतार याचं चॉकलेटचा ट्रे घेतलेल्या मुलीचं पेस्टल 1744 च्या सुमाराचं आहे, ड्रेस्डेनला अजून आहे. पेस्टलमध्ये तेल नाही, त्यामुळे ते तेलासारखं पिवळं पडत नाही. प्रश्न रंगद्रव्याचा असतो. पश्चिमेच्या खिडकीत प्रत्येक कांडीचा पट्टा ओढून अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ठेवा, आपलं चैत्र-वैशाखाचं ऊन निकाल लावतं. माझ्याकडच्या एका स्वस्त सेटमधले गुलाबी आणि जांभळे उडाले, मातकट रंग जागचे हलले नाहीत. ते जांभळे आता सरावापुरते.

उन्हाळ्यातली मोठी अडचण पंख्याची. पंखा लावला की भुकटी घरभर, आणि ती छातीत जाऊ देण्यासारखी वस्तू नाही. म्हणून काम पहाटे ते साडेआठ, बोर्ड किंचित पुढे कललेला, खाली ओलं फडकं पसरलेलं. भुकटी तोंडाने फुंकायची नाही, बोर्ड मागून टिचकीने झटकायचा. मळलेल्या कांड्या मी ज्वारीच्या भरड्यात घालून डबा हलवते, लख्ख होतात.

फ्रेमबद्दल थोडक्यात : काच चित्राला टेकता कामा नये, मधे जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवं. ॲक्रिलिक शीट नको, त्यातली स्थिर वीज भुकटी ओढून घेते. आणि फ्रेमवाल्याला आधीच सांगा की चित्रावर फडकं मारायचं नाही.

आता मृगाची वाट. पहिल्या पावसानंतरचं रान करायचं आहे, म्हणजे सगळा हिशोब उलटा : वरचा थर ओला आणि गडद, उजळ फक्त पाणी साचलेल्या सऱ्या. त्यासाठी मजबूत ग्रेन लागेल, म्हणून गेसोमध्ये (कागदावर आधी लावायच्या पांढऱ्या अस्तरात) प्युमिस या खरखरीत दगडाची पूड घालून घरीच कागद तयार करायचा विचार आहे, गेसोत घरचीच माती मिसळून. वस्त्रगाळ माती गेसोत किती घातली तर थर तडकणार नाही, हे कुणी करून पाहिलं असेल तर प्रमाण जरूर कळवा. पाऊस पडायच्या आत चार-पाच कागद वाळवून ठेवायचे आहेत.