सैगलची बाटली आणि मनमाडचं टेशन

अठरा जानेवारी आली की आमच्या जुन्या गाण्यांच्या ग्रुपवर जुन्या जमान्यातला गायक-नट सैगल मरतो. दरवर्षी नव्या तऱ्हेनं. एका वर्षी हातात ग्लास धरून गेला, एका वर्षी गाता गाता माइकसमोर कोसळला आणि यंदा तर कुणीतरी त्याला कलकत्त्याच्या फुटपाथवर बेवारशी मारून टाकलं. मी दरवेळी खाली लिहितो: कुंदनलाल सैगल, १८ जानेवारी १९४७, जालंधर, वय ४२. दोन-तीन अंगठे येतात. दुसऱ्या दिवशी फुटपाथवाला मेसेज मेहुण्याकडून परत येतो, खाली 'डोळे पाणावले' असं लिहून.

माझी नोकरी तलाठ्याची. सगळी हयात परभणी जिल्ह्यात गेली. वारसाच्या नोंदी, बांधाची भांडणं, पंचनामे, दुसरं काय. कोणत्याही बांधावर उभं राहा, संवाद एकच:

"तुम्ही डोळ्यानं पाह्यलं का, बाबा?"

"न्हाई, पण साऱ्या गावाला म्हाईत हाय की."

मग कागद पुढं केला की साऱ्या गावातला एकही माणूस अंगठा उठवायला तयार नसतो. त्या सवयीनं मी सैगलच्या गोष्टीही वाचतो. सांगतो कोण? तो तिथं होता का? कधी सांगितलं? आणि सांगण्यात त्याचा काय फायदा?

आधी जे पक्कं आहे ते बाजूला काढू. सैगल प्यायचा. भरपूर प्यायचा. हे त्याच्याबरोबर काम केलेल्या माणसांनीच सांगितलंय आणि त्यात झाकण्यासारखं काही नाही. जन्म जम्मूचा, १९०४ सालचा. तारीख बहुतेक ठिकाणी ११ एप्रिल दिलेली असते, काही ठिकाणी ४ एप्रिल छापलेली दिसते. गंमत बघा, माणसाची जन्मतारीख धड लागत नाही, पण तो शेवटच्या दिवशी किती पेग प्यायला हे लोकांना तोंडपाठ! वडील तहसीलदार, म्हणजे आमच्याच खात्यातले म्हणायचे. आई भजनं गायची. पोरगं रामलीलेत सीता व्हायचं. पुढं रेल्वेत टाइमकीपर, मग रेमिंग्टन कंपनीचे टाइपरायटर विकणं, असं करत करत कलकत्ता. तिथं रायचंद बोराल यांनी त्याला बी. एन. सरकारांच्या न्यू थिएटर्समध्ये आणलं. १९३२ साली पहिले तीन चित्रपट आले, 'सैगल कश्मिरी' या नावानं. तिन्ही आपटले. १९३४ च्या 'चंडीदास'नं हात दिला.

आणि १९३५ ला आला 'देवदास'. घोटाळा इथून सुरू होतो.

प्रमथेश बरुआंनी तो बंगालीत आणि हिंदीत वेगवेगळा काढला. बंगालीत देवदास झाले स्वतः बरुआ. सैगलला तिथं लहानशी भूमिका आणि गाणी. हिंदीत मात्र देवदास म्हणजे सैगल. आपल्याकडच्या माणसानं पडद्यावर काय पाहिलं? सैगल पितोय, खोकतोय, झोकांड्या खात 'दुख के अब दिन बीतत नाहीं' गातोय आणि शेवटी पारोच्या दारात मरतोय. नंतर अकरा-बारा वर्षांनी बातमी आली की सैगल गेला, दारूनं यकृत खराब झालं होतं. लोकांनी दोन्ही कागद एकाच फाइलीत लावले. फुटपाथ, बेवारशी मरण, प्रेमभंग, हे सगळं शरदबाबूंच्या, म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या, 'देवदास' कादंबरीतलं, ती छापली गेली १९१७ साली, सैगल तेरा वर्षांचा होता तेव्हा. तिकडं बंगालात हीच कथा बरुआंना चिकटली, कारण तिकडचा देवदास ते होते. तेही पन्नाशी न गाठता १९५१ ला गेले. एका भूमिकेनं दोन भाषांत दोन माणसांची चरित्रं गिळली. व्ही. शांतारामांना या देवदासी रडगाण्याचा राग आला आणि त्यांनी १९३९ ला 'माणूस' काढला, त्यातून आपल्याला 'कशाला उद्याची बात' मिळालं. तेवढा एक फायदा.

प्रेमभंगाचा भाग मी म्हणूनच कुणाकडून ऐकूनच घेत नाही. सांगणारा मूळ कादंबरी सांगत असतो, त्याला बिचाऱ्याला ते माहीत नसतं, इतकंच.

आता सगळ्यांत गाजलेली गोष्ट. ती सहजासहजी उडवता येत नाही, कारण सांगणारा हजर होता.

संगीतकार नौशादसाहेबांनी ती स्वतः, अनेकदा सांगितलेली आहे. १९४६ चा कारदारांचा 'शाहजहान'. गीतकार म्हणून मजरूह सुलतानपुरींचा पहिला चित्रपट. सैगल गाण्याआधी घ्यायचा, त्या पेगला तो थट्टेनं 'काली पाँच' म्हणायचा. 'जब दिल ही टूट गया'च्या वेळी नौशादांनी त्याला गळ घातली की आधी एकदा न घेता गा, मग पाहिजे तर घेऊन गा. दोन्ही वेळा रेकॉर्डिंग झालं. नंतर सैगलला दोन्ही ऐकवलं, त्यातलं कोणतं कोणतं ते न सांगता. त्यानं पसंत केलं ते न पिता गायलेलं. मग तो हळहळला: तुम्ही आधी भेटायला हवे होतात, आता उशीर झाला.

जबाब म्हणून ही गोष्ट वजनदार आहे. माणूस मोठा, स्वतः त्या खोलीत असलेला, आणि सैगलबद्दल मनात आदर असलेला. मी ती मान्य करतो, पण पूर्ण नाही. गोष्टीचे दोन तुकडे करून बघा. पहिला तुकडा कामाचा: सैगल घेऊन गायचा, एकदा न घेता गायला आणि ते चांगलं झालं. असल्या गोष्टी संगीतकाराच्या लक्षात राहतात, तो त्याचा धंदाच असतो. दुसरा तुकडा म्हणजे ते हळहळीचं वाक्य. ते ज्याच्या तोंडी आहे तो पुढच्याच जानेवारीत गेला, आणि ज्यानं सांगितलं तो त्या गोष्टीत शहाणा ठरतो. शिवाय ते इतकं बेतलेलं आहे की संवादलेखकाकडून घेतल्यासारखं वाटतं. खरं असेलही. पण माझ्यापुढं ही केस आली असती तर मी पहिल्या तुकड्याची नोंद घेतली असती आणि दुसऱ्यापुढं 'सांगण्यावरून' असं लिहिलं असतं.

यावर पुढं जी कलमं बांधली गेली त्यांचं विचारू नका. एका मेसेजमध्ये पेग दोनाचे आठ झाले. एकात सैगल नौशादांच्या पाया पडतो. आणि मला खरा राग येतो तो याचा, की त्याच मेसेजच्या शेवटी मोठ्या दिमाखात लिहिलेलं असतं: 'प्यायल्याशिवाय त्याला गाताच येत नव्हतं!' अरे बाबांनो, वरची गोष्ट खरी असेल तर खालचं वाक्य खोटं आहे. दोन्ही एका कागदावर कशी बसतील?

'दारूनं आवाज लागायचा' ही समजूत मला सगळ्यांत वाईट वाटते. ती पिणाऱ्याला फार सोयीची आहे. आमच्याकडं एक भजनी बुवा होते, गळा गोड, पण चढवल्याशिवाय उभे राहायचे नाहीत. कुणी टोकलं की सैगलचं नाव पुढं करायचे. शेवटी गळाही गेला नि बुवाही.

तर या समजुतीविरुद्ध माझा पुरावा म्हणजे 'बाबुल मोरा'. १९३८, 'स्ट्रीट सिंगर', दिग्दर्शक फणी मजुमदार. ज्यांच्याकडं रेकॉर्ड आहे त्यांनी ती पुन्हा लावावी आणि ज्यांनी दृश्य पाहिलं नसेल त्यांनी ते शोधून पाहावं. तोवर पार्श्वगायन आलेलं होतं, आणि तेही याच न्यू थिएटर्समध्ये, १९३५ च्या 'धूप छाँव'पासून. म्हणजे आधी गाणं रेकॉर्ड करून कॅमेऱ्यापुढं नुसते ओठ हलवायची सोय हाताशी होती. सैगल म्हणाला, नाही, चालता चालताच गाईन. गळ्यात हार्मोनियम अडकवलेली, पाय रस्त्यावर, माइक त्याच्याबरोबर सरकतोय, वादक कॅमेऱ्यात येऊ नये अशा बेतानं मागं चालतायत. आणि हा वाजिद अली शाहांची भैरवीतली ठुमरी गातोय. कुठं श्वास तुटत नाही, कुठं पाऊल लयीला आडवं येत नाही. झोकांड्या खाणारा माणूस हे करू शकत नाही. देवदासच्या झोकांड्या अभिनय होता, याचा यापेक्षा चांगला दाखला मला तरी सापडला नाही.

आणखी एक साधा हिशेब. १९३२ ते १९४६ एवढ्या काळात छत्तीसच्या आसपास चित्रपट आणि सुमारे १८५ गाणी, त्यात १४२ चित्रपटांतली, बाकी गझला, भजनं वगैरे. हिंदी, बंगाली, उर्दू. मुंबईला आल्यावर 'भक्त सूरदास', 'तानसेन'. मध्येच परत कलकत्त्याला जाऊन 'माय सिस्टर'. रात्रंदिवस बेशुद्ध पडलेल्या माणसाचं हे काम दिसत नाही. प्यायचा आणि कामही करायचा, दारूनं लवकर नेलं. गोष्ट एवढीच आहे, पण एवढीच गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता घरची केस. आमच्या गल्लीत एक म्हातारे होते, सगळे त्यांना मुनीममामा म्हणत. तरुणपणी कापसाच्या अडत्याकडं मुनीम, मुंबईला फेऱ्या व्हायच्या. रेडिओ सिलोनवर सकाळी आठच्या आधी सैगलचं गाणं लागायचं, जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं शेवटचं, ते ऐकायला मामा आमच्या ओसरीवर यायचे. गाणं संपलं की ठरलेली गोष्ट.

"मनमाडच्या टेशनावर बसलेला, बाकड्यावर. कोट, टोपी. खिशातून बाटली काढली, घोट घेतला आन् गुणगुणला. मह्या डोळ्यानं पाह्यलं!"

डोळ्यानं पाह्यलं म्हटल्यावर मी सावध होतो. बरं, गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. तेव्हा आपल्याकडची मीटर गेज गाडी मनमाडला संपायची, मुंबईला जायला तिथं उतरून मोठ्या लाइनीची गाडी धरावी लागायची. आणि कलकत्ता-मुंबई मेल नागपूरवरून येवो की अलाहाबादवरून, भुसावळ-मनमाड तिला चुकत नाही. सैगल १९४१ च्या अखेरीस मुंबईला आला, नंतर कलकत्त्यालाही गेला-आला. म्हणजे तो मनमाडवरून गेला हे नक्की. बाकड्यावर बसायला उतरला का, हा पुढचा प्रश्न.

मी तलाठी झाल्यावर एकदा त्यांना विचारलं, मामा, साल कोणतं?

मामांनी साल सांगितलं नाही. आपल्याकडं जुनी माणसं साल सांगत नाहीतच. सांगतात: रझाकारीच्या वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा. चोपन्नच्या खासरा पत्रकाआधीचं, म्हणजे जमिनीच्या त्या जुन्या नोंदींच्याही आधीचं काही विचारायचं असलं की मीही असंच विचारायचो, आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मामा म्हणाले, "पोलिस ॲक्शनच्या वर्षी, कापूस अडकून पडलेला, म्हणून तर मुंबईला गेलतो."

पोलिस ॲक्शन, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची भारत सरकारची कारवाई, सप्टेंबर १९४८. सैगलला जाऊन दीड वर्षाच्या वर झालेलं.

मी काही बोललो नाही. पण नंतर विचार करताना वाटलं, मामा खोटं बोलत नव्हते. त्यांनी कुणालातरी पाहिलं होतं. कोट, टोपी, बाटली आणि गुणगुणणं. एवढं जमलं की त्या काळी कोणताही माणूस सैगलच दिसणार, आणि गुणगुणणारेही सगळे सैगलच्याच सुरात गुणगुणत होते. मुकेशचं 'दिल जलता है' १९४५ चं, ते ऐका म्हणजे कळेल. भल्याभल्यांची ही गत, तर मनमाडच्या बाकड्यावरच्या प्रवाशाचं काय घेऊन बसलात.

लतादीदींची गोष्ट मात्र मी जशीच्या तशी मानतो. नवा रेडिओ घेतला, त्यावर सैगल गेल्याची बातमी ऐकली आणि रेडिओ परत करून टाकला. सांगणारी स्वतःबद्दल सांगते, तारीख जुळते, आणि घरात वडिलांना चालायची ती फक्त सैगलचीच गाणी, हेही त्यांनीच सांगितलेलं.

राहता राहिली एक. सैगलच्या अंत्ययात्रेत त्याच्याच इच्छेनुसार 'जब दिल ही टूट गया' वाजवलं गेलं, असं सगळीकडं छापलेलं आहे. मला ती खोटी म्हणायची नाही, गाणं आदल्याच वर्षीचं होतं, काळ जुळतो. फक्त गोष्ट पसरली ती मुंबईच्या चित्रपटवाल्यांकडून आणि चिता पेटली जालंधरला. त्या दिवशी तिथं रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणाचा शब्द मला हवा आहे.

नांदेडला हुजूर साहिबमुळं पंजाबी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, फाळणीनंतर आलेली माणसंही मराठवाड्यात ठिकठिकाणी आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी जालंधरकडचे आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा: सैगलची यात्रा पाहिली का, आणि पाहिली असेल तर काही वाजत होतं का. 'जब दिल ही टूट गया'चं नाव तुम्ही आधी घेऊ नका, नाहीतर ते हो म्हणतील. आणि असे कुणी असतील तर ते आता नव्वदीच्या आसपास असणार, तेव्हा दिवाळीला गेल्यावर विचारू म्हणू नका. आज फोन लावा.